पायाळूची मान

मी पायाळू. जन्मताना माझे आधी पाय आले, मग डोकं. आमच्या साताऱ्याकडं अशा माणसाच्या पायाला गुण असतो असं मानतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, मान आखडली, की त्यानं सकाळी उपाशीपोटी पायाळू माणसाच्या दारात जायचं आणि पालथं पडायचं. पायाळूनं दुखऱ्या जागी पाय लावायचा. म्हणायला लाथच, पण हलकी. त्या बदल्यात काही घ्यायचं नाही, चहासुद्धा नाही. घेतलं तर गुण जातो.

कोपरखैरण्याला आमच्या वसाहतीत सकाळी माझ्या दाराशी माणसं यायची. आमचे माथाडी यायचे, कंपनीतले यायचे, दिवाळे गावची एक मासेवाली टोपली खाली ठेवून यायची. एकदा तर शाळामास्तर आले होते. मी चौथी शिकलेला, आणि मास्तर माझ्या पायाखाली पालथे. मला त्याचा माज होता आणि तो मी लपवत नव्हतो.

पायाळू माणसाला वीज हुडकत येते असंही म्हणतात. लहानपणी आभाळ गडगडलं की आई मला घोंगडीखाली दाबून ठेवायची. लग्नानंतर ते काम बायकोनं घेतलं. पुढं थोरल्याचं लग्न झालं, तर सूनही पायाळू. तिच्या आईनं बोलणीतच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. मग ढग वाजले की बायको मला बाहेरच्या खोलीत बसवायची आणि सुनेला आतल्या. दोघं एका जागी नकोत म्हणायची. मी हसायचो. मी विजेला भीत नव्हतो, कशालाच भीत नव्हतो. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं भीतीचंच आहे.

तेव्हा वाशीला रेल्वे नुकती आली होती, आमच्या कोपरखैरण्याला अजून रूळ पडायचे होते. आम्ही टेम्पोच्या मागं उभं राहून तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात जायचो. गोणी पाठीवर घेतात असं लोक म्हणतात, पण ती बसते मानेच्या मुळावर. दोघं उचलून देतात, आपण वाकायचं, डोकं खाली घालायचं आणि मानेनं तिला धरायचं. ट्रकमधून गाळ्यात, गाळ्यातून पुन्हा ट्रकमध्ये. तरणा होतो तेव्हापासून हेच केलं. माझ्या मानेच्या मुळाशी कातड्याची एक गाठ झाली होती, लिंबाएवढी. नवीन पोरांना मी ती हात लावून बघायला सांगायचो.

माझा एक जोडीदार होता. आम्ही दोघांनी एकमेकांच्या मानेवर किती गोण्या दिल्या असतील, त्याला मोजदाद नाही. तो एकदा ट्रकला लावलेल्या फळीवरून गोणीसकट खाली आला. मान मोडली. जीव राहिला, पण हातपाय गेले. आमच्या समोरच्याच चाळीत खाटेवर पडून असायचा. तोंडावर माशी बसली की हात उचलता येत नाही म्हणून ओठ वाकडे करून फू फू करायचा. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडं बसायचो, त्याची माशी हाकलायचो, बाजारातल्या गप्पा सांगायचो आणि घरी यायचो. त्याचं वाईट वाटायचं, पण भीती वाटली नव्हती. ते त्याचं नशीब होतं, माझं नव्हतं.

मग एका सकाळी मी उठलो तो मान घेऊनच उठलो. डाव्या खांद्याकडं वळली होती, सरळ होईना. बायको म्हणाली, "उशीवरनं पडली असंल. आणा ती उशी हिकडं." मान आखडली की उशी उन्हात टाकतात, उशी तापली की मान सुटते. पण माझी उशी म्हणजे बाजारातलं जुनं बारदान, चार घड्या करून, वर फडकं शिवलेलं. मला उंच उशीशिवाय झोप यायची नाही. बायकोनं ते बारदान गॅलरीच्या कठड्यावर टाकलं. दिवसभर तापलं, मान काही सुटली नाही.

बाजारात आमच्या माथाडींच्या टोळीला विषयच मिळाला.

"दादा, कुणाला बघताय तिकडं? हिकडं गाडी उभी हाय!"

"आरं, पायाळू हायत ते. सोताच्या मानंला सोताच लाथ मारत्याल आता."

"न्हाय पुरायचा पाय. आमी धरतो, उचलून देतो!"

मीही हसलो. वाकड्या मानेनंच गोण्या वाहिल्या. घरी बायकोनं निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, वीट तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा धरायची. हळूहळू दुखणं मानेतून उजव्या खांद्यात उतरलं, खांद्यातून कोपरात. मग अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. हात झटकला की जायच्या. पुढं झटकूनही जाईनात.

बायको म्हणाली, "दवाखान्यात जावा."

मी म्हणालो, "लोक माझ्याकडं येत्यात. मी कुणाकडं जाऊ?"

पण आतून मी हललो होतो. जोडीदाराकडं बसलो की त्याच्या हाताकडंच लक्ष जायचं. पांढरा, मऊ पडलेला हात. तो गाद्यागिरद्यांवर वाढलेल्या माणसाचा वाटायचा. मी माझा हात मांडीखाली दाबून बसायचो. पहाटे जाग आली की डोळे उघडायच्या आधी पांघरुणातच अंगठा एकेका बोटाला लावून बघायचो. बोटं आहेत का, माझीच आहेत का. मुकादम सकाळी टोळीची हजेरी घेतो तशी मी बोटांची घ्यायचो. सगळी आली की मग डोळे उघडायचो.

आमच्या बाजाराच्या रस्त्याला एक न्हावी होता. टपरी, एक खुर्ची, एक आरसा. दाढी झाली की तेल लावून डोक्यावर थापट्या मारायचा, मग एक हात हनुवटीला, एक डोक्यामागं, आणि कट्. मान मोडून द्यायचा. इकडे एकदा, तिकडे एकदा. दमलेल्या माणसाला त्याच्यासारखं सुख नाही. सगळे माथाडी मोडून घ्यायचे. एका सकाळी मी दाढीला बसलो, आणि अर्धी दाढी झाली तेव्हाच त्यानं वस्तरा थांबवून विचारलं, "दादा, मान फारच धरलीय. मोडू का जरा चांगली?"

मी म्हणालो, "मोड. जोरात मोड. आज तिला सरळच करून टाक."

त्याचा काही दोष नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं.

कट् झालं, आणि मानेतून उजव्या हाताच्या बोटापर्यंत वीज गेली. आभाळ स्वच्छ होतं, चैत्रातलं ऊन होतं, आणि मला खरंच वाटलं, सापडलो. इतकी वर्षं हुडकत होती, आज टपरीत बसलेला सापडलो. डोळ्यांपुढं पांढरं झालं. न्हावी काहीतरी बोलत होता, ते लांबून ऐकू येत होतं. मग आरसा दिसायला लागला. आरशात माझं तोंड, अर्ध्या गालाला साबण, आणि त्या साबणाच्या कडेला एक माशी बसलेली.

मी हात उचलला. म्हणजे उचलायला सांगितला. हात मांडीवरच राहिला.

आणि माझ्या तोंडातून आपोआप आलं, फू.

ती फू मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नव्हती. न्हाव्याला वाटलं, साबण तोंडात गेला. थोड्या वेळानं हात हलला, पण जड, दुसऱ्याचा असल्यासारखा. मी डाव्या हातानं उजवा उचलून सदऱ्याच्या खिशात घातला, रुबाबात चाललोय असं दाखवत घरी आलो. बाजारात गेलोच नाही.

घरी सून एकटी होती, तांदूळ निवडत बसली होती. मी बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसलो. तिनं पाणी आणलं. मी डाव्या हातानं घेतलं. ती उभीच राहिली. दुपारी जेवताना मी डाव्या हातानं घास घ्यायला गेलो तशी म्हणाली, "मामंजी, उजव्या हाताला काय झालं?"

"लागलंय."

"कुठं लागलंय? दाखवा."

"जा, भाकरी बघ. करपंल."

"भाकरी कवाच झाली."

सासऱ्याला असं विचारणारी सून आमच्या घरात तोवर नव्हती. मी ताट सरकवून उठलो. उठताना पाय लटपटले, की मला तसं वाटलं, देव जाणे. भीती एकदा आत शिरली की पायही खोटं बोलायला लागतात. खाट दिसायला लागली. बायको घास भरवतेय, पोरगा कुशीवर वळवतोय, टोळीतले संध्याकाळी येऊन बसलेत, माझी माशी हाकलतायत, आणि आपापल्या घरी जातायत.

संध्याकाळी बायको आली तशी मी तिला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "पायाळूचं दुखणं पायाळूच काढतो. सुनेला सांग. उद्या उपाशीपोटी माझ्या मानंवर पाय लावंल."

बायकोनं तोंडावर पदर धरला. "आवं, काय बोलताय? सून हाय ती! सासऱ्याला पाय लावंल व्हय? लोक शेण घालत्याल तोंडात."

"लोकांना कोण सांगतंय?"

"आणि देव? त्याला दिसत न्हाय?"

"देवानंच तिला पायाळू केली ना?"

हे सगळं हळू चाललं होतं असं मला वाटत होतं. सून दारातच उभी होती.

ती म्हणाली, "मी लावीन पाय."

बायको खालीच बसली.

"पण आधी दवाखाना. मानंचा फोटो काढायचा. डॉक्टर काय म्हणतोय ते ऐकायचं, सांगंल ते करायचं. त्या हातानं चहाचा गलास धरून दाखवला की त्याच दिवशी लावते. त्याच्या आधी न्हाय."

"मला अट घालतीस?"

"व्हय."

"आणि न्हाय गेलो तर?"

"तर मी पाय न्हाय लावायची. दुसरा पायाळू हुडका." मग म्हणाली, "मामंजी, मी समोरच्या काकींना रोज बघती. खाटेवरच्या काकांना भरवताना बघती. आत्याबाईंना तसं बघायचं न्हाय मला."

मी दुसऱ्या दिवशी गेलो, सुनेला घेऊन. तिच्यासाठी गेलो असं बायकोला सांगितलं. पण भीतीनं गेलो.

वाशीच्या दवाखान्यात डॉक्टर कोवळा होता, मिशाही धड नव्हत्या. त्यानं माझी बोटं दाबायला लावली, हात ढकलायला लावला, रबराच्या हातोडीनं कोपरावर, गुडघ्यावर ठोकलं, टाचणीनं टोचून विचारलं, "काका, इथं कळतंय? इथं?" अंगठ्याला टोचलेलं कळतच नव्हतं. मी म्हणालो, "कळतंय."

सून म्हणाली, "न्हाय कळत. त्यांनी बघून सांगितलं. डोळं झाका म्हणा."

डोळे झाकून टोचलं तेव्हा मी गप्प राहिलो.

मग त्यानं विचारलं, चालताना पाय अडखळतात का, लघवी कळते का, आपोआप होते का. सुनेसमोर असलं विचारल्यावर मी त्याच्यावर डोळे वटारले. ती स्वतःहून बाहेर जाऊन उभी राहिली. मग मी सांगितलं, पाय लटपटल्यासारखे वाटतात. त्यानं मला खोलीभर चालवलं, टाचेवर, चवड्यावर, एका रेषेत. चालून झालं तरी तो कागदावर लिहीतच राहिला. मी आयुष्यात कुणाच्या तोंडाकडं इतकं बघितलं नसेल. शेवटी म्हणाला, "पाय चांगले आहेत, काका. पायांना काही झालेलं नाही."

मी खुर्चीवर बसलो, कारण आता ते खरंच लटपटत होते.

फोटो आला. त्यानं तो उजेडावर धरला, सुनेला आत बोलावलं आणि माझी मान आम्हाला दाखवली. माणसाची मान आतून म्हणजे एकावर एक ठेवलेल्या सुताच्या रिकाम्या रिळांसारखी दिसते. तो म्हणाला, वयानं मणके सगळ्यांचेच झिजतात. कुणी दिवसभर वाकून शिवतो, कुणी मान खाली घालून लिहितो, कुणी उंच उशी घेतो, त्यांचीही मान धरते, पण ती शेकून, आराम करून बहुतेक सुटते. तुम्ही वर्षानुवर्षं मानेवर वजन घेतलंत. दोन मणक्यांमधली गादी दबून बाहेर सरकलीय, हाताला जाणारी नस तिच्यात चेपलीय. म्हणून मुंग्या, म्हणून ताकद कमी.

"मानेला कुणी झटका दिला होता का?"

मी फोटोकडं बघत राहिलो. सून म्हणाली, "न्हाव्यानं मोडली. अर्ध्याच दाढीनं घरी आले तवा."

कोवळा डॉक्टर एकदम म्हातारा झाला. म्हणाला, "काका, नशीबवान आहात. नस हाताची दबली. तो झटका मणक्यांच्या मधून पायांपर्यंत जाणाऱ्या दोरीला लागला असता तर आज चालत आला नसता. यापुढं मानेला कुणाला हात लावू द्यायचा नाही. न्हावी नाही, मालिशवाला नाही, कुणी नाही."

"आणि पाय?" सुनेनं विचारलं.

"पाय? कुणाचा पाय?"

"माझा. मी पायाळू हाय. मामंजी पण."

डॉक्टरनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. हसू आवरत म्हणाला, "मानेला अजिबात नाही. पाठीला लावा पाहिजे तर. पण मांजर पाय ठेवतं तसा."

मग इलाज सुरू झाला. मानेला जाड पट्टा, गोळ्या, ओझं बंद, बारदानाची उशी बंद. सुनेनं जुन्या लुगड्याची पातळ घडी करून दिली. पहिले काही दिवस मला उलटं टांगल्यासारखं वाटायचं. आणि दवाखान्यात जाऊन वजन लावून घ्यायचं. ते बघून मी दारातूनच मागं फिरलो होतो. पलंगाच्या उशाशी चाक, चाकावरून दोरी, दोरीच्या एका टोकाला वाळूच्या पिशव्या आणि दुसऱ्या टोकाला हनुवटीखाली अडकवायचा पट्टा.

मी म्हणालो, "ही फाशी हाय."

तिथली बाई म्हणाली, "काका, फाशी उभ्यानं देतात. तुम्ही आडवे व्हा."

पट्टा हनुवटीला लागला, दोरी ताणली, दात दातावर बसले, ओरडायचं म्हटलं तरी तोंड उघडेना. मी डोळे घट्ट मिटून बोटांची हजेरी घेत राहिलो. अंगठा, पहिलं, मधलं. हजार गोण्यांनी मला खाली दाबलं होतं, आणि आता एवढीशी पिशवी मला वर ओढत होती आणि मी घाबरून घामाघूम होत होतो. सून बाहेर बाकावर बसायची. दर वेळी बाहेर आलो की विचारायची, "लई दुखलं?" मी म्हणायचो, "छ्या." पुढं त्या बाईनं व्यायाम शिकवले. कपाळावर तळहात ठेवायचा, हातानं मागं रेटायचं, डोक्यानं पुढं, मान मात्र हलू द्यायची नाही. स्वतःशीच भांडण. ते मला चांगलं जमलं.

मुकादमानं हलकं काम दिलं, वजनाच्या काट्याशी उभं राहायचं. पट्टा बघून टोळीनं मला साहेब म्हणायला सुरुवात केली. "साहेब, टाय लई जाड झाला!" मी मान वळवून शिवी देऊ शकत नव्हतो, सगळं अंग वळवून द्यायला लागायची. तोवर ते पळालेले असायचे.

जोडीदाराकडं मात्र मी जाईनासा झालो होतो. पट्टा घालून त्याच्यासमोर बसायचं धाडस होईना. त्यानंच त्याच्या बायकोकरवी निरोप धाडला, माशा फार झाल्यात. गेलो. पट्टा बघितला त्यानं, आणि हसला. म्हणाला, "काढलास ना फोटो? शहाणा झालास, लेका." मी उजव्या हातानं त्याची माशी हाकलायला गेलो. हात खांद्यापर्यंतच गेला. दोघांनीही ते बघितलं. मग तो म्हणाला, "डाव्यानं हाकल. माशीला काय कळतंय?"

अशातच एका सकाळी दिवाळ्याची मासेवाली आली. टोपली दाराशी ठेवली, म्हणाली, "बाबा, मान धरलीय रं. पाय लाव." आणि तिथंच दारापुढं पालथी पडली.

मी उठलो. पाय उचलला. ती डोक्यावर टोपली वाहणारी बाई, बर्फाचं पाणी गळणारी. तिची मान माझ्या पायाखाली होती आणि मला कातड्याच्या आतली रिळं दिसायला लागली. पाय तसाच वर राहिला.

"लाव की रं!"

"हाताला मुंग्या येत्यात का?"

"येतान. का?"

मी पाय खाली ठेवला. "आज न्हाय जमायचं. माझा पाय दुखतोय."

ती उठून बसली, माझ्या मानेच्या पट्ट्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं. "मानंला पट्टा, नि दुखतो पाय? येडा झालास का रं बाबा?" आतून सून आली आणि तिला वाशीच्या दवाखान्याची वाट सांगायला लागली. मी आत जाऊन बसलो.

ग्लास मी पावसाळ्याच्या तोंडाला धरला. काचेचा, गरम चहानं भरलेला. बशीत थोडं सांडलं, पण ओठापर्यंत आणला आणि खाली ठेवला. सुनेनं पदर खोचला. बायको म्हणाली, "मी बघणार न्हाय," आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी पालथा पडलो. पाठीवर, मानेपासून चांगलं लांब, काहीतरी टेकलं. खरंच मांजरासारखं. एकदा, दोनदा, तीनदा. मग तीच सून खाली वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. ते बराच वेळ उचललं नाही. तिचं अंग हलत होतं. इतके दिवस ती पण भ्यायली होती हे मला तेव्हा कळलं.

कशानं बरं झालं असं कुणी विचारलं तर मी पायानं म्हणतो. सून पट्ट्यानं म्हणते. आमचं त्यावर अजून जमलेलं नाही. अंगठा आजही अर्धा बधिरच आहे, गोणी पुन्हा कधी घेतली नाही. दाराशी माणसं यायची तीही हळूहळू थांबली. वीज चमकली की मी आता न सांगता बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो.

आणि पहाटेची हजेरी सुटलेली नाही. डोळे उघडायच्या आधी अंगठा एकेका बोटाला लावतो. पांघरुणाची सळसळ होते तेवढी. सून स्वयंपाकघरातून विचारते, "आली का सगळी?"

"आली," मी म्हणतो. मग ती चहा टाकते.